मस्कतचे खजूर

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत खोटं बोलायला सगळ्यात कच्ची बाई कोण, तर जयंतीवहिनी धुरी. उपासाला चुकून बिस्कीट खाल्लं तरी स्वतःहून येऊन सांगणारी. तरी दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, याच बाईने "माझो झील मस्कताक गेलो!" म्हणत, तिथले म्हणून घरोघर खजूर वाटले. मीही मिटक्या मारत खाल्ले. ते स्टेशनसमोरच्या दुकानातले होते, हे फार उशिरा कळलं.

तिचा झील, म्हणजे मुलगा, नितेश. बत्तीस वर्षांचा. दारूपायी नोकरी गेली, मग घरात हात उचलू लागला. वडील दशरथ दिवसभर मरोळच्या कारखान्यात, मार खायला ही एकटी. शेवटी तिने गोराईच्या बाजूच्या एका व्यसनमुक्ती केंद्राला फोन केला. चार माणसं आली आणि नितेशला गाडीत कोंबून घेऊन गेली. त्याची संमती कोणी विचारली नाही, केंद्राची नोंदणी हिने विचारली नाही. तीन महिने भेट नाही, असा तिथला नियम. सुधारून आला की मस्कतहून आला म्हणू, असं तिने ठरवलं होतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आम्ही दहाबारा बायका तिच्याकडे बसलो होतो. फोन वाजला. वहिनींचे हात कुंकवाने भरलेले, म्हणून मीच स्पीकर लावून समोर धरला. शहाणी ना मी!

"सरकारी तपासणी पथकातून बोलतोय. नितेश धुरी तुमचे का?"

वहिनींनी एकदा आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "नाही हो. माझा मुलगा मस्कतला असतो. चुकीचा नंबर लागला."

आम्ही तिळगूळ खाऊन, वाण घेऊन निघालो. माझी पिशवी राहिली म्हणून मी परत गेले, तर ती जमिनीवर बसून तोच नंबर पुन्हा पुन्हा लावत होती. तेव्हा तिने मला सगळं सांगितलं. अर्ध्या तासाने फोन लागला.

"बाई, केंद्र बेकायदा होतं, बंद केलं," साहेब म्हणाले. "मघाशी नितेश माझ्यासमोरच बसला होता. आमचाही फोन स्पीकरवर होता."

"मग आता कुठाय तो?"

"गेला. आम्ही सरकारी रुग्णालय सुचवलं, नको म्हणाला. शुद्धीत होता, सज्ञान आहे. मर्जीविरुद्ध ठेवता येत नाही. नातेवाइकांच्या रकान्यात 'कोणी नाही' असं स्वतःच लिहून गेला."

नंतर मी, मर्जीविरुद्ध ठेवता येत नाही म्हणणारा तो कायदा मिळवून वाचला. कुठेतरी कायद्याचीच चूक सापडावी, म्हणून. सापडली नाही. आम्ही तिथे बसलो नसतो तर ती 'हो' म्हणाली असती, एवढंच मला कळतं आणि ते गिळवत नाही.

पोलिसात तक्रार झाली, गोराईच्या धक्क्यापासून सगळीकडे फोटो लागले. नितेश सापडला नाही.

वहिनी आता हळदीकुंकू करत नाहीत. भाजीवालीपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना सांगतात, मुलगा मस्कतला नव्हता, केंद्रात होता. दिवसातून दहादा कर्ज हवं का, कार्ड हवं का, असे फोन येतात. एकही सोडत नाहीत. परवा माझ्यासमोरच एक आला. पलीकडची मुलगी "नमस्कार" म्हणायच्या आत वहिनी ओरडल्या, "होय, नितेश माझोच झील!"