सरकते ती चरबी

ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत फोरमनकाका डावा हात पुढे करत. "दाबा. घाबरू नका, फुटत नाय." मनगटापासून कोपरापर्यंत कातडीखाली बोराएवढ्या मऊ गाठी होत्या. बोटाखाली त्या सरकत. काका अंबडच्या एका कारखान्यात फोरमन होते आणि आमच्या शेजारी राहत.

गाठी तरुणपणापासूनच्या. त्यांतली एक डॉक्टरांनी काढून तपासली होती. निव्वळ चरबी निघाली. त्या एका तपासणीवर काकांनी नियम बसवला, "मऊ, सरकती, न दुखणारी, म्हणजे चरबी." नियम बराचसा बरोबर होता. जेवणाच्या सुट्टीत कामगार शर्ट वर करून त्यांच्यापुढे उभे राहत.

"काका, फी किती?"

"चहा. गाठ मोठी असेल तर भजी."

एका दिवाळीच्या पाडव्याला काकांच्या धाकट्या भावाच्या, सुरेशच्या, अंगाला तेल लावताना त्याच्या बायकोच्या हाताला मांडीत गाठ लागली. दोघं काकांकडे आले. मी फराळाला बसलो होतो. काकांनी गाठ दाबली. ती लिंबापेक्षा मोठी, खोल आणि घट्ट होती, जागची हलली नाही, हे त्यांनी फार नंतर सांगितलं. त्या सकाळी ते एवढंच म्हणाले, "आपल्या घराण्याची देणगी. चरबी."

"तरी डॉक्टरांना दाखवायचं का?" सुरेशच्या बायकोनं विचारलं.

"दादांनी सांगितलं ना!" सुरेश म्हणाला. त्या घरात थोरल्याच्या शब्दानंतर दुसरं मत घेत नसत.

उन्हाळ्यात गाठ दुखू लागली तेव्हा तपासणी झाली. कॅन्सर होता. सुरेश वाचला, पाय मांडीपासून काढावा लागला. आधी आला असता तर पाय राहिला असता का, असं काकांनी सर्जनना विचारलं. ते "कदाचित" म्हणाले. काकांना "नाही" ऐकायचं होतं.

तेव्हापासून काका मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. मध्यंतरी ते स्वतःच्या सगळ्या गाठी काढून घ्यायला गेले होते. डॉक्टर म्हणाले, "यांचा काही त्रास नाही. कशाला काढायच्या?"

"यांच्यामुळं लोक माझ्यावर भरवसा ठेवतात," काका म्हणाले. डॉक्टरांनी नकार दिला.

गेल्या महिन्यात सुरेशच्या दंडावर बारीक गाठ आली. "दादा, बघा ना." काकांनी बोट टेकवलं, लगेच उचललं आणि मला गाडी काढायला सांगितली. गंगापूर रोडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हातानं तपासलं, सोनोग्राफीही केली. सुरेश कुबड्या सावरत हसत बाहेर आला. काका बाकावर बसून होते.

"उठा दादा. चरबीच हाय."

"मला माहीत होतं."

"मग घरीच नाय का सांगायचं? एवढ्या उन्हात आणलं!"

काका म्हणाले, "सुरेश, पाडव्यालाही मला असंच माहीत होतं."