कुत्र्याच्या पायांतल्या पिशव्या

हे मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही. एकोणीसशे तीसच्या आसपास मी सोलापुरात एका गिरणीत कारकून होतो. भवानी पेठेत बिऱ्हाड, नवं लग्न आणि नव्या बुटांचा भारी तोरा. चंपाषष्ठीला सासऱ्यांनी गावी बोलावलं. गावामागच्या डोंगरावर त्यांचा खंडोबा. सहा दिवस त्यांचा उपास असे आणि तो सोडायची घरची रीत ठरलेली: देवळापुढं आधी कुत्र्यानं भरीत-रोडगा खायचा, मग त्यांनी.

मार्गशीर्षात तो डोंगर म्हणजे नुसतं वाळलेलं गवत. कुसळं धोतरातून थेट मांडीत शिरायची. सासऱ्यांनी मला बुटांवरून गुंडाळायला गोणपाट दिलं आणि घरच्या कुत्र्याच्या चारी पायांना गोणपाटाच्याच छोट्या पिशव्या बांधल्या. नजर अधू, म्हणून गाठी चाचपून चाचपून मारल्या.

"पावणं, म्या म्होरं जातो. ह्याला सावकाश आणा. पिशव्या देवळाच्या पायरीशी सोडा, आदी न्हाय."

थंडी मी म्हणत होती. निम्म्या चढावर आमच्याच गिरणीतले दोघे कारकून मागून आले. त्यांनी आधी कुत्र्याचे पाय बघितले, मग माझे.

"वा! जावयाला आणि कुत्र्याला एकच आहेर की!"

दोघे हसत पुढं गेले. माझे कान तापले. सोमवारी सगळ्या खात्यात ही गोष्ट होणार! मी तिथंच खाली बसलो, माझं गोणपाट फेकलं आणि कुत्र्याच्या पिशव्या सोडून कोटाच्या खिशात कोंबल्या. माझ्या पायांत बूट होते. त्याच्या पायांत काहीच नव्हतं.

तो दहा पावलं चाले आणि बसून पंजे चावू लागे. मी दोरी ओढत राहिलो. कळत नव्हतं असं नाही.

वर सासऱ्यांनी त्याच्यापुढं रोडगा ठेवला. तो पडून पंजे चाटत राहिला. त्यांनी रोडगा कुस्करला, भरीत लावलं, तोंडाशी नेलं. त्यानं मान फिरवली.

"पिशव्या पायरीशीच सोडल्या न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

तेव्हासुद्धा खाली बसून कुसळं उपटता आली असती. कदाचित त्यानं रोडगा खाल्लाही असता. पण मग खरं सांगावं लागलं असतं, आणि ते दोघे कारकून तिथंच उभे होते.

सासऱ्यांनी दोन्ही गालांवर मारून घेतलं. "माज्याच हातनं काय तरी चुकलं, देवा. औंदा तू घेईना." उपास सुटला नाही. मग त्यांनी ताट माझ्याकडं सरकवलं.

"तुमी जेवा, पावणं. तुमचा काय दोष?"

मला भूक लागली होती. त्यांच्यासमोर बसून मी दोन रोडगे खाल्ले.