नायबाईची खरपुडी

ती "नाय" म्हणाली की माळशेज उतरणारी एसटी टोकावड्याला ब्रेक लावायची. थोडं वाढवून सांगतोय. एसटी फक्त हळू व्हायची. म्हणून ती नायबाई. तोंडावर मात्र काकी.

नव्वदच्या दशकात जंगलखात्याच्या सागाच्या कुपावर, म्हणजे तोडीला काढलेल्या जंगलपट्ट्यावर, मी कुऱ्हाडीला होतो आणि ती तोडायच्या झाडांवर डांबराने नंबर घालायला. तिचा जीव मात्र उतारावरच्या खरपुडीत. पावसात दोऱ्यासारखी वेल चढते, कंदिलासारखी फुलं लागतात. कंद गोड, म्हणून आम्ही लोकांनीच सगळीकडून खणून संपवलेली. उरली ती या उतारावर. थंडीत वेल सुकते, मातीखाली कंद तेवढा राहतो. ठेकेदाराने ओंडके ओढायची वाट नेमकी त्यावरूनच आखली.

"वाट वरून न्या," नायबाई म्हणाली.

"काकी, इथं नुसती माती आहे!" मी म्हणालो.

"तुझ्या डोक्यावरबी नुसते केसच दिसतात रे. आत काय हाय म्हणून आमी धरून चालतोच ना?"

मी तोडगा काढला: दगडाला शेंदूर फासू, कोणी पाय ठेवणार नाही.

ती भडकली. "सासऱ्याने धम्म घेतला तवाच शेंदूर आमच्या घरातून गेला. आता कंदासाठी खोटा देव मांडू? माणसाला सरळ सांगून कळाया पायजे."

मी ऐकतोय थोडाच! सकाळी गुपचूप दगड रंगवला. ओंडके थांबले. पण तिसऱ्या दिवशी तिथे धसईच्या बाजाराएवढी गर्दी! देवाची जागा साफ करायला कोणी कुदळ घातली, कंद वर आले आणि प्रसाद म्हणून वाटले गेले. एक मीही खाल्ला. सांगायला लाज वाटते, पण गोड होता.

नायबाईने दगड माझ्या हातात कोंबला. "तुझा देव घरी ने, मेल्या." आणि उरलेल्या कंदांवर, ओंडक्यांना जुंपून पुन्हा आलेल्या बैलांसमोर, फतकल मारून बसली. ठेकेदार गरजला. जंगलखात्याच्या साहेबांनी कामावरून काढायची धमकी दिली. तिने डांबराचा डबा त्यांच्या पायाशी सरकवला. "काढा. पन वाट वरून."

मी कुऱ्हाड खाली टाकली. मग बाकीच्यांनीही.

वाट वळली. काकीला मात्र पुन्हा कुपावर कोणी बोलावलं नाही.

पुढच्या पावसात तिने मला उतारावर नेलं. कंदील डुलत होते. मध्ये एक मोकळा तुकडा. "ही तू खाल्लेली. बी घे, पेर." ती गेली त्या वर्षापर्यंत दर पावसाळ्यात तिने माझ्याकडून पेरून घेतलं.

अजून तिथे काही उगवलेलं नाही. नवा गार्ड म्हणतो, "काका, द्या आता सोडून."

सोडतोय कशाला? बी वाळत घातलंय.