चारशे केळी उभ्या राहायला किती वर्षं

त्या दिवशी पडवीत आम्ही चौघं होतो. मी, माझा मुलगा, सून नि बारावीतली नात. मालक जाऊन लय वर्षं झाली, म्हनून त्यांना धरत नाय.

वाडी आमची कळंबच्या अंगाला. औंदा उधानाचं खारं पानी बांध फोडून आत शिरलं नि केळी उभ्या वाळल्या. घरच्या जुन्या जातीच्या, रोपवाल्याकडे मिळत नाय त्या. विहिरीच्या उंचवट्यावरच्या पाच तेवढ्या वाचल्या. रडून खार निघत नाय. मी नि सुनेनं गोडं पानी वोतून वोतून माती धुतली.

मुलगा वालीवला कारखान्यात जातो. सातबाऱ्यावर नाव त्याचं. तो म्हनाला, "आई, पाच वर्षं बघतो. तेवढ्यात चारशे केळी उभ्या राहिल्या तर वाडी ठेवू. नाहीतर पर्यटकांसाठी कॉटेज बांधणाऱ्याला देऊन टाकू."

नातीनं विचारलं, "आजी, एका केळीला वर्षाला किती पिल्लं?"

"धड असे तीन मुनवे. आई घड देऊन जाते, तिच्या जागी हे तीन."

तिनं केळीचं पान पुढं ओढलं नि खिळ्यानं त्यावर लिवायला लागली. ओरखडा काळा पडतो, चांगला दिसतो.

"पाचाचे चारशे म्हणजे ऐंशी पट. तीनला तीननं गुणत गेलं की ऐंशीला कितव्या वर्षी पोचतो, ते हवंय."

"मग बस गुनत."

"गुणत नाही बसायचं, लॉग घ्यायचा. तू एकेक पायरी चढतेस ना, तो एकदम सांगतो पायऱ्या किती. ऐंशीचा लॉग, भागिले तीनचा लॉग." मोबाईल दाबला. "चारला किंचित कमी!"

"चला, भरली वाडी," सून म्हनाली.

मी म्हटलं, "तीन नको, दोन धर बाय. दर केळीचा पयला मुनवा दुसऱ्याच्या वाडीत जातो. माझ्या सासूची चाल हाय ती."

पोरीनं खालचा तीन खोडून दोन केला. तोंड उतरलं तिचं. "सव्वासहाच्या जरा पुढे, आजी."

मी सुपाऱ्या मांडून बघितलं. पाच, दहा, वीस, असं दुप्पट करीत सहाव्या वर्षी तीनशेवीस. सातव्याला चारशेच्या पार वर. म्हंजे पोरीचं बरोबर.

मुलगा म्हनाला, "मोड की ती चाल. केळीला काय कळतंय?"

"केळीला नाय, मला कळतं."

"मग जा कॉटेजवर झाडू मारायला."

"अहो!" सून वरडली.

मी रागावले नाय. मालक गेले त्या साली चूल एकदाच पेटायची, तरी मुनवा दिलाच. आता काय मोडू? दोन काय बदलनार नाय. मग मी पाचाकडं बघितलं.

"बाय, आरंभाला पाच नाय, वीस असल्या तर?"

"मग वीसच पट. वीसचा लॉग भागिले दोनचा." दाबलं नि उडालीच ती. "सव्वाचारच्या थोडं पुढे! पाचाच्या आत!"

"आणि वरच्या पंधरा कुठून आणणार?" मुलगा हसला.

"दिल्यात ना इतकी वर्षं. आगाशीपास्नं नाळ्यापर्यंत उभ्या हायेत. सगळ्यांच्या वाडीत थोडंच खारं पानी गेलं?"

त्यानं ते पान आपल्याकडं ओढून आकडा बघितला. मग म्हनाला, "पंधरा आल्या तर खड्डे मी खणतो."

आजवर दिलेलं कधी मागितलं नाय. आज मागते, त्यात लाज नाय. चाल मोडली असती तर कुठल्या तोंडानं मागितलं असतं?

हे नातीनं लिवून घेतलंय. वाचनाऱ्याच्या वाडीत आमच्याकडची केळ असंल, तर तिचा एक मुनवा आनून द्या. मुळाला माती राहू द्या, नि वाटेत ऊन लागू देऊ नका.