हिरव्या दोराचे कोणते टोक

मला एका प्रश्नाचे उत्तर हवे होते. नव्वद सालच्या मे महिन्यात, महाळुंगे पडवळच्या एका विहिरीत मी बुडत असताना, माझ्या मित्राने हातातला दोर सोडला होता का?

आधी माहिती देतो, मग उत्तराकडे वळू. नारायणगावच्या शाळेत आठवीच्या वर्गात आम्ही तिघे एका बाकावर बसत असू. एक महाळुंग्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, नारायणगावात मामाकडे राहून शिकणारा. दुसरा बाजारपेठेतल्या जैन दुकानदाराचा मुलगा. त्यांच्या दुकानात खिळे, कुलपे, पत्रे आणि दोर मिळत. तिसरा मी, शिक्षकाचा मुलगा आणि वर्गाचा मॉनिटर.

आमच्याकडे पोहायला शिकवण्याची एक रीत होती. नवशिक्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि दुसरे टोक विहिरीच्या पायरीवर उभे राहून एकाने धरायचे. जो दोर धरील, त्यानेच गाठ मारायची, हा नियम कोणी मोडत नसे. एकाने बांधावे आणि दुसऱ्याने धरावे, तर चूक कोणाची हे ठरत नाही, असे जाणती माणसे सांगत.

त्या दिवशी माझा दोर महाळुंग्याच्या मित्राने धरला होता. तोवर दोर म्हणजे केकताडाचा, घायपाताच्या वाखापासून वळलेला, खरखरीत. पण दुकानात नुकताच हिरवा, चकचकीत नायलॉनचा दोर आला होता आणि दुकानदाराचा मुलगा, ज्याला आम्ही शेठ म्हणत असू, तो मोठ्या ऐटीत घेऊन आला होता.

आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. महिन्यापूर्वी, वार्षिक परीक्षेत, या मित्राच्या कंपासपेटीतली चिठ्ठी मी गुरुजींना दाखवली होती. त्याच्या तळहातांवर उठलेले वळ मी पाहिले होते. त्याच हातांत आता माझा दोर होता.

पहिल्या दोन उड्या नीट झाल्या. तिसऱ्या उडीला कमरेची ओढ अचानक नाहीशी झाली. नाकात पाणी गेले. मी डोळे उघडले, तर डोक्यावर हिरव्या दोराचे मोकळे टोक संथपणे हलत होते. नंतर कोणीतरी केसांना धरून मला वर ओढले. तो माझा मित्रच होता. त्याने कपड्यांसकट उडी टाकली होती. मी निष्कर्ष काढला तो असा: सूड म्हणून याने दोर सोडला आणि मग स्वतःच घाबरला.

जूनमध्ये वडिलांची बदली झाली. निघताना मी दोघांनाही पत्ता दिला नाही.

एकोणीस वर्षांनी, दोन हजार नऊच्या मे महिन्यात, एका लग्नासाठी मी नारायणगावला आलो. बरोबर आठ वर्षांची मुलगी होती. लग्न उरकल्यावर जुन्या दुकानात डोकावलो. गल्ल्यावर वडिलांच्या जागी शेठ बसला होता, आणि समोर टोमॅटोचे क्रेट बांधायला सुतळी घेत महाळुंग्याचा मित्र उभा होता.

"आयला, मास्तर!" तो ओरडला. "शेठ, बघ रं, परीक्षेतलं सीआयडी आलं!"

शेठ हसून म्हणाला, "राव, जपून बोला. अजून चिठ्ठ्या शोधत असेल हा."

मीही हसलो. मात्र मुलीला जवळ ओढून घेतले.

"पोरगी व्हय तुजी? पवती का?" त्याने विचारले.

"नाही काका," मुलीनेच उत्तर दिले. "बाबा पाण्याजवळ जाऊच देत नाहीत."

"मंग आजच शिकवू. चला मळ्यावर. शेठ, दुकान पोऱ्याकडं दे आन् चल."

नकार द्यायला मला कारण सुचले नाही, आणि खरे कारण सांगण्याचे धैर्य नव्हते. जीपमध्ये मी मुलीचा हात इतका घट्ट धरला, की ती म्हणाली, "बाबा, दुखतंय."

विहीर तीच होती. मेमुळे पाणी बरेच खाली गेले होते. त्याची स्वतःची मुलगी पाठीला डबा किंवा कमरेला दोर न बांधता सपासप पोहत होती. माझी मुलगी तिच्याकडे टक लावून पाहू लागली. मित्राने विहिरीवरच्या पंपाच्या खोलीतून दोर आणला. तो हिरवा होता, नायलॉनचा.

त्याने तो मुलीच्या कमरेभोवती घेतला. त्याची जाड बोटे हलताना मला दिसत होती. आपण संशयापोटी वेडेपणा करत आहोत की भिडेपोटी मुलीचा जीव पणाला लावत आहोत, हे मला ठरवता येईना. ती पायरीच्या कडेला गेली.

"थांब!" मी किंचाळलो. विहिरीतून तो शब्द परत आला. पाण्यातली मुलगीसुद्धा जागीच थबकली.

मग एकोणीस वर्षांचे वाक्य बाहेर पडले. "त्या दिवशी तू दोर सोडला होतास का?"

मित्राने आधी माझ्या मुलीला हाताला धरून कडेपासून मागे घेतले आणि तिच्या कमरेचा दोर सोडवला.

"तुला आसं वाटलं व्हतं?" तो म्हणाला. "इतकी वर्सं?"

"मी पाण्यातून दोराचं मोकळं टोक पाहिलं."

"कंचं टोक?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि मुलांना रोज सांगतो, की पाहिले तेवढेच लिहा, तर्क वेगळा लिहा. मी एक टोक पाहिले होते. ते त्याच्या हातातले की माझ्या कमरेचे, हे पाहिलेच नव्हते.

तो गोठ्यात गेला आणि केकताडाचा जुना कासरा घेऊन आला. बैल बांधताना मारतात ती, त्या दिवशी माझ्या कमरेला मारलेली जुनी गाठ, दोन वेढे देऊन टोक एकदा खाली दाबलेली, त्याने दोन्ही दोरांवर मारली, एका खांबाला एक. दोन्ही गाठींवर बादलीभर पाणी ओतले.

"वढ."

मी केकताड ओढला. वाख फुगून गाठ आणखी आवळली. हिसके देऊनही हलली नाही. मग नायलॉन ओढला. पहिल्या दोन हिसक्यांना गाठ टिकली. तिसऱ्याला सळकन सुटून दोर माझ्या हातात आला.

"दोर माज्या हातातच व्हता," तो म्हणाला. "रिकामा. मलाबी लगीच कळलं न्हाई. फुडच्या पावसाळ्यात आसल्याच नायलॉननं बांधलेली म्हस सुटून मक्यात शिरली, तवा कळलं. सांगायचं व्हतं तुला. पत्ता कुटं व्हता तुजा?"

शेठ पायरीवर बसून राहिला. "आणि मी समजत होतो, माझ्या दोरात खोट होती," तो हळूच म्हणाला. "वडिलांना कधी सांगितलंच नाही."

"मला क्षमा कर," मी म्हणालो.

"ते ऱ्हाऊ दे. पोरगी खोळंबलीया." त्याने हिरवा दोर माझ्याकडे फेकला. "तूच धर. आन् धरणाऱ्यानं गाठ मारायची, इसरला का?"

भीती संपेल असे मला वाटले होते. ती वाढली. आता चूक झाली असती तर ती माझीच असती. नायलॉनची गाठ त्याने तिथेच दाखवली, त्याप्रमाणे मी टोक दोनदा फिरवून पुन्हा फासातून घेतले, गाठ पाण्यात भिजवली, पाय रोवून तीन हिसके दिले. त्याने दिले. शेठनेही दिले. मुलीने नाक धरले आणि उडी मारली. ती वर येईपर्यंत मी श्वास घेतला नाही. दोर हातात ताणलेला होता, एवढेच मला कळत होते.

या प्रयोगाने माझा मित्र निर्दोष होता असे सिद्ध होत नाही, हे मला समजते. दोर सुटण्याचे दुसरे, पुरेसे कारण होते, इतकेच त्यातून दिसते. मी मात्र एकोणीस वर्षे ते कारण शोधलेच नव्हते.

वाचकांना विनंती आहे: केकताडाचा एक आणि नायलॉनचा एक, असे हातभर दोर घ्या. दोन्हींवर एकच गाठ मारा, भिजवा आणि ओढा. माझ्या सांगण्यावर विसंबू नका, स्वतः पडताळून पाहा.