डोया की डोई?

तुमच्या माणसाच्या डोक्यातल्या रक्तवाहिन्यांचं रंगीत चित्र समोर आलं आणि त्यात काहीच वाईट दिसलं नाही, तर तुम्ही आणखी एक प्रश्न विचाराल का?

मायचं डोकं आठवडाभर दुखत होतं. शेजारची काकू म्हणाली, नस चढली असेल, मान चोळून घ्या. मी अंधश्रद्धाविरोधी चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून वाचायला शिकलेली पोरगी; अंगारा नको, तपासणी करा, हे आमच्या घरातलं रोजचं बोलणं. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी भांडून मी तिला आमच्या गावाहून, देवळीहून, जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. भांडताना माझा आवाज चढलेला होता. बसमध्ये मात्र मी मायचा हात सोडला नाही, कारण मायची मोठी बहीण अशीच डोकं धरून बसली होती आणि पुन्हा उठली नव्हती.

माहिती घ्यायला एक शिकाऊ डॉक्टर होता, सांगलीकडचा. मायनं त्याला काय होतं ते सांगितलं. त्यानं मान हलवत लिहून घेतलं. मग धमन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून हाताच्या शिरेतून औषध सोडून तिला मशीनमध्ये घातलं.

तपासणीची चित्रं वाचणाऱ्या मोठ्या डॉक्टर बाईंनी आम्हाला पडद्यासमोर बोलावलं. चित्रातली कवटी कॉम्प्युटरनं वजा केली होती. उरल्या होत्या फक्त धमन्या, लालभडक, शेतातून उपटलेल्या कपाशीच्या पऱ्हाटीच्या मुळांसारख्या. बाई म्हणाल्या, कुठं फुगवटा दिसत नाही. मी निघायला पिशवी उचलली. मशीननं सांगितलं होतं, म्हणजे विज्ञानानं सांगितलं होतं.

मायलाही आपल्या डोक्याच्या आतलं पाहायचं होतं. ती पडद्याजवळ सरकली आणि तिनं डाव्या डोळ्याची पापणी बोटानं वर उचलून धरली.

"मावशी, पापणी हातानं का उचलता?" बाईंनी विचारलं.

"मघापासून सांगून राह्यली ना मी. माहा डोया जड झाला, उघडत नाई."

बाईंनी शिकाऊ डॉक्टरकडे पाहिलं. त्यानं डोकं जड झालं, असं लिहिलं होतं. त्याच्या गावाकडे डोई म्हणजे डोकं. आमच्याकडे डोया म्हणजे डोळा. तो पुटपुटला, त्या डोई म्हणाल्या.

"डोई नाई रे बाप्पा, डोया," माय म्हणाली. "तुमच्याकडचे लोक डोक्यानं पाह्यतात का?"

बाईंनी बॅटरीचा उजेड तिच्या डोळ्यांत टाकला. उजवी बाहुली बारीक झाली, डावी मोठीच राहिली. मग त्यांनी ते लाल चित्र बाजूला सारलं आणि मूळ करडी चित्रं एकेक करून सरकवायला घेतली. मला त्यात धुकं दिसत होतं. एका चित्रावर बाईंचा हात थांबला. डोळ्याच्या मागे, हाडाला खेटून, धमनीवर एक लहानसा फुगा होता. हाड पांढरं दिसतं आणि औषध भरलेली धमनीही पांढरीच दिसते. कॉम्प्युटरनं हाडाबरोबर फुगाही पुसून टाकला होता.

"हा डोळ्याच्या नसेवर दाबतोय," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "कधीही फुटू शकतो. यांना घरी नेऊ नका."

मायला काही कळलं नव्हतं. तिनं विचारलं, काऊन तुझं तोंड असं उतरलं? ती शिंकली तरी मी दचकत होते. तिला पाणी देताना वाटायचं, गिळताना जोर तर पडणार नाही? मांडीच्या धमनीतून तार नेऊन डॉक्टरांनी तो फुगा आतून बंद केला. तोवर मला चळवळीतली एकही घोषणा आठवली नाही.

माय आज आहे. पापणी अर्धी उघडते. तिचं बोलणं मध्येच थांबलं की मी अजूनही हातातलं काम टाकून धावते.

यंत्राविरुद्ध पत्रक मी काढणार नाही. यंत्र हवंच, पण ते माणसाच्या नजरेखाली हवं. तेव्हा एवढं करा. रंगीत चित्र दाखवलं की विचारा, मूळ चित्रं कुणी पाहिली? आणि आपल्या माणसाचं दुखणं त्याच्याच बोलीत सांगा, जागेवर बोट ठेवून दाखवा आणि डॉक्टरांनी काय लिहिलं ते तिथंच वाचून घ्या.