साखरेचे लोलक

झुंबराचे लोलक साखरेचे करू नयेत, हे मी अनुभवानं सांगू शकतो.

गोंदियात आमचं मिठाईचं छोटं दुकान. बाबांनी एका जुन्या राइस मिलवाल्याच्या घरातलं मोडकं झुंबर आणलं होतं. पितळ घासून चकचकीत केलं, पण काचेच्या बारा लोलकांपैकी पाच गायब. पुढच्या रविवारी भंडाऱ्याहून माझ्या ताईला बघायला पाहुणे येणार होते. आधीच्या दोन सोयरिकी फिसकटलेल्या. ताई काही बोलत नसली तरी तिचं जेवण अर्ध्यावर आलं होतं. बाबांनी ठरवलं, बैठकीत झुंबर लागलंच पाहिजे. मी म्हणालो, लोलकांचं मी बघतो. (मी तेव्हा नुकताच बीएस्सी झालो होतो, तेही रसायनशास्त्र घेऊन. घरच्यांनी विश्वास ठेवला, यात त्यांची काय चूक?)

बाजारात दुकानदारानं लोलक उलटसुलट करून "ये अब कौन बनाता है भैया" म्हणत परत दिला. दुसरा कुणी असता तर त्यानं नागपूरची गाडी पकडली असती. पण होळी तोंडावर आलेली, घरात साखरेच्या गाठ्यांचं काम जोरात. साच्यात दोरा ठेवायचा, पाक ओतायचा, गार झाला की गाठी बाहेर! ज्या घरात हेच चालत आलंय, तिथल्या माणसाला लोलकासाठी नागपूर कशाला?

मी शाबूत लोलकाचा प्लॅस्टरमध्ये ठसा घेतला, आतून तुपाचं बोट फिरवलं आणि गाठीपेक्षा कडक पाक ओतला. तिसऱ्या खेपेला असे लोलक निघाले की खरे कोणते नि खोटे कोणते, मलाच कळेना. बाबांना मी 'केमिकलचे' म्हणून सांगितलं. ते बराच वेळ मान वर करून बघत राहिले. मला फार बरं वाटलं.

रविवारी सकाळी मुंग्या लागल्या. मी स्टुलावर चढून झुंबराच्या दांडीला हळद फासली. आईनं विचारलं तर म्हणालो, शुभकार्य आहे. तिनं कौतुकानं वर कुंकूही लावायला लावलं.

पाहुणे आले. शेवटचा शब्द मुलाच्या मामांचा, असं आधीच कळलं होतं, म्हणून त्यांना मानानं झुंबराखालीच बसवलं. दिवसाउजेडी झुंबर उठून दिसावं म्हणून मी दोनशेचा बल्ब लावला होता. ताई पोहे घेऊन आली आणि मामांच्या टकलावर पहिला थेंब पडला. त्यांनी वर पाहिलं. दुसरा चष्म्यावर! मी घाईनं पंखा वाढवला, तर तिसऱ्याची लांब तार निघून थेट त्यांच्या मिशीला चिकटली. मामांनी ती बोटानं काढली आणि चाटून पाहिली.

"पाक चांगला जमला," ते शांतपणे म्हणाले. "पण झुंबरात काऊन भरून ठेवला?"

बाबा माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात ताईला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबूनही थांबेना, पोह्यांचा ट्रे गदागदा हलायला लागला. झालं, तिसरी सोयरिकही गेली, आणि तीही माझ्यामुळे! मला रडू यायचंच बाकी होतं. पण बघतो तर मुलगाही हसत होता, आणि त्याच्याकडे बघून मामाही.

लग्न वैशाखात झालं. झुंबर अजून बैठकीतच आहे, पाच हुक रिकामे. नवा पाहुणा त्याबद्दल विचारतो, तेव्हा बाबा मला चहा आणायला हाक मारतात आणि मी कप घेऊन समोर येईपर्यंत थांबतात.

"तेथी माह्या पोराची अक्कल लटकवली होती," ते सांगतात. "बल्ब लागला, वितळून गेली."